हप्ता पावसाळ्यावर ठरवा: कर्ज फेडत असताना घरखर्चाची घडी कशी बसवायची

कर्जफेडीची योजना मोडते ती बहुतेक वेळा एकाच कारणानं. हप्ता ठरवताना चांगला महिना समोर धरलेला असतो. कोल्हापुरात तो महिना दिवाळीच्या आगेमागे येतो. फौंड्रीत बोनस, डेअरीकडून वर्षाच्या दुधावरचा दूध फरक, शिवण मशीनवर रात्री उशिरापर्यंत काम, शेत असेल तर पुढे उसाचं पहिलं बिल. हातात पैसा खेळत असतो, म्हणून माणूस पतसंस्थेत जाऊन 'दहा हजार भरतो' असं सांगून येतो. मग जून उजाडतो. शाळेची फी, वह्या-पुस्तकं, म्हैस आटलेली, ओव्हरटाइम कमी, आणि पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी गाठते तेव्हा आठवडाभर कामच बंद. तोच दहा हजाराचा हप्ता आता निघत नाही.

म्हणून या लेखात एका गोष्टीवर सगळा भर आहे. पावसाळ्यातही निघेल तेवढाच हप्ता कबूल करायचा, आणि चांगल्या महिन्यातला जादा पैसा कुठं जाणार हे आधीच लिहून ठेवायचं.

आपल्याकडे सगळी कर्जं एकत्र बांधून देणारी सरकारी खिडकी नाही. योजना आपणच कागदावर करायची आणि प्रत्येक कर्ज देणाऱ्याकडून वेगवेगळी मंजूर करून घ्यायची. मदत हवी असेल तर बँकांची आर्थिक साक्षरता केंद्रं असतात, तिथला सल्ला फुकट असतो. आपल्या जिल्ह्याची अग्रणी बँक बँक ऑफ इंडिया आहे, तिच्या कुठल्याही शाखेत केंद्राची चौकशी करता येते. 'तुमचं कर्ज निम्म्यात मिटवून देतो, आधी आमची फी भरा आणि हप्ते थांबवा' असं सांगणाऱ्या कंपन्यांपासून मात्र लांब राहा. हप्ते थांबले की दंड आणि नोटीस तुमच्या नावावर येते, त्यांच्या नाही.

पहिली पायरी: सगळी देणी एका वहीत

साधी दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक देण्याला एक पान. वर नाव, खाली आजची बाकी, व्याजदर, हप्ता, तारीख, किती हप्ते राहिले, जामीनदार कोण, तारण काय. आकडे आठवणीतून लिहू नका. बँकेकडून आणि पतसंस्थेकडून खाते उतारा मागा. उतारा हातात आला की दोन गोष्टी आधी बघा: दंड किती लावला आहे, आणि तुम्ही भरलेल्या प्रत्येक पावतीची नोंद आहे का. रोज पैसे गोळा करणाऱ्या पिग्मी एजंटाकडे किंवा वसुलीला आलेल्या माणसाकडे रोख दिलेले पैसे खात्यावर चढलेच नाहीत, हे आढळतं. पावती असेल तरच ते भांडता येतं.

बँका, फायनान्स कंपन्या आणि क्रेडिट कार्डं यातलं काही विसरलं असेल तर क्रेडिट रिपोर्टमध्ये सापडतं. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. त्यात हातउसने आणि सावकाराचे पैसे दिसणार नाहीत. ते तुम्हालाच लिहावे लागतील.

मेहुण्याकडून घेतलेले वीस हजार आणि मैत्रिणीकडून भिशीसाठी घेतलेले पाच हजार वहीत लिहायला लाज वाटते. तरीही लिहा. न लिहिलेलं देणं एखाद्या लग्नाच्या तोंडावर अचानक मागितलं जातं आणि त्या महिन्याचे सगळे हप्ते तुंबतात. नवरा-बायको दोघांनी मिळून वही करा. एकाच्या मोबाइलमधलं ॲप लोन दुसऱ्याला माहीत नसेल तर पुढचं सगळं गणित खोटं ठरतं.

व्याज एकाच मापात आणा

इथं लोक सर्वात जास्त फसतात, कारण प्रत्येक ठिकाणी व्याज वेगळ्या भाषेत सांगतात.

सावकार 'शेकडा तीन' म्हणतो. म्हणजे शंभराला महिन्याला तीन रुपये, वर्षाला ३६ टक्के. तीस हजारांवर महिन्याला ९०० रुपये नुसतं व्याज, मुद्दल तसंच. पहिल्या महिन्याचं व्याज कापून पैसे दिले असतील तर हातात २९,१०० आले आणि व्याज मात्र ३०,००० वर चालू झालं, म्हणजे दर ३६ च्याही वर गेला.

मोबाइल, फ्रीज किंवा जुनी गाडी घेताना 'फक्त १२ टक्के फ्लॅट' असं सांगतात. एक लाख, तीन वर्षं, १२ टक्के फ्लॅट, म्हणजे व्याज ३६,००० आणि हप्ता सुमारे ३,७७८. मुद्दल दरमहा कमी होत जातं, पण व्याज शेवटपर्यंत पूर्ण लाखावर आकारलेलं असतं. घटत्या बाकीच्या पद्धतीनं हाच दर २१ टक्क्यांच्या वर भरतो.

क्रेडिट कार्डाचं व्याज महिन्याला तीन ते पावणेचार टक्के, वर व्याजावर १८ टक्के जीएसटी. 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरली की लेट फी वाचते, व्याज मात्र वाचत नाही. बाकी ठेवली की नवीन खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. तेव्हा योजनेत असलेलं कार्ड कपाटात ठेवू नका, कात्रीनं कापा आणि ऑनलाइन व्यवहार बंद करा.

प्रत्येक पानावर वार्षिक दर लाल पेनानं लिहा.

दुसरी पायरी: पडका महिना काढा

मागच्या बारा महिन्यांतला सर्वात कमी आवकेचा महिना शोधा. पासबुक, दूध संस्थेचं दहा दिवसांचं बिल, पगाराची स्लिप, सगळं समोर घ्या. दुधाचं बिल लिहिताना पशुखाद्याची कपात वजा करूनच लिहा. हातात आलेलीच रक्कम धरायची.

एक उदाहरण पूर्ण मांडून बघू. शिरोली एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या माणसाचा हातात पगार २२,०००. घरी शिवणकाम, पावसाळ्यात २,५००, सणात ४,०००. एक म्हैस, दूध चालू असताना तीन बिलांचे मिळून ५,४००, आटल्यावर शून्य. चांगला महिना ३१,४००. पडका महिना २४,५००. घर स्वतःचं आहे.

पडक्या महिन्याचा खर्च असा: किराणा ५,०००, भाजी आणि फळं १,८००, गॅस ९००, वीज आणि पाणी १,१००, पेट्रोल १,४००, मोबाइल ५००, शाळा आणि क्लास १,७००, औषधं ६००, मटण आणि अंडी ९००. एकूण १३,९००.

मटणाचा आकडा मुद्दाम ठेवला आहे. कोल्हापुरात रविवारचं मटण वर्षभर बंद ठेवायचं असं कागदावर लिहिलेलं घर महिन्याभरात ते उधारीवर आणतं. महिन्यातून एकदा किंवा दोनदा, अर्धा किलो, तांबड्या-पांढऱ्या रश्श्यासह, आणि त्याचे पैसे आधीच बाजूला. असं ठरवलं तर ते पाळलं जातं.

आता वर्षातून एकदा येणारे खर्च. जूनची शाळा ९,०००, गणपती ते दिवाळी ८,०००, घरफाळा २,८००, गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग ४,०००, यात्रा, पाहुणे आणि आहेर ५,०००. बेरीज २८,८००, म्हणजे दरमहा २,४००. हे पैसे वेगळे काढले नाहीत तर हेच खर्च पुढच्या कर्जाचं कारण बनतात. अडीनडीला आणखी ५००.

२४,५०० मधून १३,९००, २,४०० आणि ५०० वजा केले की ७,७०० राहतात. कर्जाला द्यायची रक्कम एवढीच, मागणी कितीही असो.

या घराची देणी अशी आहेत. कार्डाची बाकी ६०,०००, मिनिमम ३,०००. पतसंस्थेचे ८०,०००, हप्ता ३,२००. महिला गटाचं मायक्रोफायनान्स कर्ज, महिन्याला २,३००. मोबाइलचा हप्ता १,५००, चार राहिलेत. सावकाराचे ३०,०००, व्याज ९००. मागणी १०,९०० आणि हातात ७,७००, म्हणजे ३,२०० कमी पडतात.

हे अंतर असं भरतं. कार्डाची बाकी ३६ महिन्यांच्या हप्त्यात बदलून घेतली आणि दर १८ टक्के मिळाला तर हप्ता सुमारे २,१७०, जीएसटी धरून सुरुवातीला २,३३०. पतसंस्थेची मुदत १४ टक्क्यांनी ३६ महिने करून घेतली तर हप्ता सुमारे २,७३०. घरातलं थोडं सोनं बँकेत तारण ठेवून सावकार पूर्ण मिटवला तर ९०० च्या जागी वर्षाला १२ टक्क्यांनी महिन्याला ३०० व्याज. गटाचे २,३०० तसेच. एकूण ७,६६०. मोबाइलचे चार हप्ते या ७,७०० मध्ये बसत नाहीत, म्हणून योजना म्हैस दुधात असताना, गणपतीच्या आसपास सुरू करायची आणि ते चार हप्ते जादा आवकेतून उडवायचे.

मुदत वाढवली की एकूण व्याज जास्त जातं, हे खरं आहे. तरीही वेळेवर निघणारा लांब हप्ता हा दर तीन महिन्यांनी बाउन्स होणाऱ्या छोट्या मुदतीपेक्षा स्वस्त पडतो. आणि सोनं तारण ठेवताना एक अट स्वतःवर घाला: सावकाराकडून कोरे चेक, स्टॅम्प पेपर आणि 'रक्कम पूर्ण मिळाली' अशी पावती हातात आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

चांगल्या महिन्यातले जादा ६,९०० कुठं जाणार तेही वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आधी मोबाइल. मग एका महिन्याच्या घरखर्चाएवढी रोकड, म्हणजे १४,००० पर्यंत, वेगळ्या बचत खात्यात. मग कार्ड, कारण त्याचं व्याज सोन्यापेक्षा जास्त. मग सोनं सोडवणं.

कुणाला आधी

फोन जास्त कोण करतो यावर क्रम ठरवू नका. ज्याच्या थकण्यानं छप्पर, रोजगार किंवा दुसऱ्या माणसाचं घर अडचणीत येतं, ते देणं पहिलं. घर तारण असलेलं कर्ज, वीज बिल, कामावर जायची गाडी, आणि जामीनदार असलेली पतसंस्था.

जामीनदाराबद्दल थोडं सविस्तर. पतसंस्था कोर्टात न जाता सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला, म्हणजे थकबाकी सक्तीनं वसूल करायचा हुकूम, मिळवू शकते, आणि तो कर्जदाराबरोबर जामीनदारावरही चालतो. पगारदारांच्या पतसंस्थेला कलम ४९ प्रमाणे मालकाकडून पगारातून कपात करून घेता येते. दाखल्याविरुद्ध फेरतपासणीला जायचं तर साधारण निम्मी रक्कम आधी भरावी लागते. म्हणून दाखल्याआधीची नोटीस आली की टाळू नका, तारखेला हजर राहा आणि हप्त्याचा प्रस्ताव लेखी द्या. आणि जामीनदाराला नोटीस पोहोचण्याआधी तुम्ही त्याच्या घरी जा. भावकीतला किंवा कामावरचा माणूस असतो तो. वही दाखवली तर बहुतेक माणसं थांबतात.

ही देणी सुरक्षित झाली की उरलेल्यात जास्त व्याजाचं आधी.

बोलणी कागदावर

थकल्यापासून ९० दिवस झाले की बँक खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरवते. त्याआधी गेलात तर ऐकून घेतलं जाण्याची शक्यता जास्त. तोंडी कबुलीला किंमत नाही. अर्ज असा लिहा:

'विषय: कर्ज खाते क्र. … च्या हप्त्याची फेररचना करून मिळणेबाबत. महोदय, वरील खात्यावर आजअखेर रु. ८०,००० येणे बाकी असून मासिक हप्ता रु. ३,२०० आहे. माझ्या कुटुंबाची पावसाळ्यातील मासिक आवक रु. २४,५०० असून घरखर्च व इतर कर्जांचे हप्ते वजा जाता मला दरमहा १२ तारखेस रु. २,७३० नियमित भरणे शक्य आहे. तरी मुदत ३६ महिने करून मिळावी व थकीत दंड माफ व्हावा, ही विनंती. सोबत पगारपत्रक, सहा महिन्यांचा खाते उतारा व सर्व कर्जांची यादी जोडली आहे.'

दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. पतसंस्था जामीनदारांची सही मागेल, त्यांना आधी कल्पना द्या. संचालक मंडळाची सभा महिन्यातून एकदा असते, त्यामुळे उत्तराला वेळ लागतो. तोवर २,७३० भरत राहा आणि पावतीवर खाते क्रमांक बघून घ्या. तुमचे शेअर्स आणि सक्तीची ठेव संस्थेत असेल तर ती कर्जात जमा करता येते का तेही विचारा.

बँक आणि फायनान्स कंपनीला एक प्रश्न जरूर विचारा: थकीत दंडावर व्याज लावलं आहे का? रिझर्व्ह बँकेनं २०२३ मध्ये केलेल्या नियमानुसार दंड हा शुल्क म्हणून घ्यायचा असतो, तो मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही.

एकरकमी तडजोड मिळत असेल तर मोहात पडण्याआधी समजून घ्या. रिपोर्टवर खातं 'क्लोज्ड' न दिसता 'सेटल्ड' दिसतं आणि पुढं घरासाठी कर्ज मागताना ते आडवं येतं. करायचीच असेल तर रक्कम, शेवटची तारीख आणि 'यानंतर येणे नाही' हे वाक्य असलेलं पत्र आधी, पैसे नंतर.

महिन्याची घडी

पगार ७ ते १० तारखेला होत असेल तर सगळ्या हप्त्यांची तारीख १२ करून घ्या. पगार लांबला आणि ५ तारखेचा ऑटो डेबिट बाउन्स झाला की दोन्हीकडून शुल्क लागतं, बहुतेक ठिकाणी पाचशेच्या आसपास, वर जीएसटी. चेक बाउन्सला परक्राम्य संलेख कायद्याचं कलम १३८ आहे, आणि ऑटो डेबिट बाउन्सलाही तशीच फौजदारी तरतूद २००७ च्या पेमेंट कायद्यात आहे.

ज्या बँकेचं कार्ड थकलं आहे त्याच बँकेत पगार जमा होत असेल तर बँक खात्यातली रक्कम वळती करून घेऊ शकते. शक्य असेल तर पगाराचं खातं दुसऱ्या बँकेत हलवा.

पगार झाला त्या संध्याकाळी तीन कामं: हप्त्यांचे ७,६६० हप्त्याच्या खात्यात, २,४०० वार्षिक खर्चाच्या खात्यात, आणि किराणा-भाजीची रोकड पाकिटात. भाजीचं पाकीट चार आठवड्यांत वाटा, आठवड्याला ४५०. लक्ष्मीपुरीच्या मंडईत मोबाइलवरून पैसे दिले की किती गेले ते रात्रीपर्यंत कळत नाही, पाकीट मात्र बाजारातच सांगतं. किराणा दुकानातली उधारीची वही बंद करा. ती बंद करताना जुनी बाकी एकदम देता आली नाही तर तिलाही कर्जाच्या वहीत एक पान द्या.

नवी भिशी लावू नका. चालू असलेली मध्येच सोडू नका. आपला नंबर आला की ती रक्कम वहीत ठरलेल्या क्रमानं जाईल.

घोटाळा होतो तिथं

एक हप्ता भरायला दुसरं ॲप लोन घेणं, हा सर्वात वाईट वळसा. अडलंच असेल तर निदान पैसे नोंदणीकृत बँकेच्या किंवा फायनान्स कंपनीच्या खात्यातून थेट तुमच्या खात्यात येतात का आणि खर्चाचं पत्रक मिळतं का हे तपासा. मोबाइलमधले संपर्क आणि फोटो मागणारं ॲप तिथंच काढून टाका. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत त्याला परवानगी नाही.

दुसरी चूक, एक हप्ता चुकला की फोन बंद करणं. त्याच दिवशी शाखेत जा, निम्मा तरी भरा, उरलेल्याची तारीख लेखी द्या.

पूर आला, आजारपण आलं, काम सुटलं, तर योजना तोडू नका, नव्यानं मांडा. पडका महिना आणखी खाली गेला एवढाच त्याचा अर्थ. नव्या आकड्यासह त्याच आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन दुसरा अर्ज करा.

वसुलीवाला दारात आला तर

बँका आणि फायनान्स कंपन्यांच्या वसुली माणसांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. मायक्रोफायनान्सला ही वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ६ अशी आहे. शिवीगाळ, शेजाऱ्यांना सांगणं, नातेवाइकांना फोन, हे सगळं नियमबाह्य आहे. तारीख, वेळ, नंबर वहीत लिहा, आधी त्या बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार फुकट होते, चौकशीसाठी १४४४८. पतसंस्था रिझर्व्ह बँकेखाली येत नाहीत, त्यांची तक्रार सहकारी संस्थांच्या निबंधक कार्यालयात.

सावकाराला परवाना लागतो. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली शासनानं ठरवलेले दर असे: शेतकऱ्याला तारणी कर्जावर वर्षाला ९ आणि विनातारण १२ टक्के, इतरांना १५ आणि १८ टक्के. शेकडा तीन यात कुठंच बसत नाही. विनापरवाना सावकारी गुन्हा आहे. जमीन किंवा घर लिहून घेतलं असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करा.

कोर्टाचा कागद आला तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी वकील मोफत मिळतो. हेल्पलाइन १५१००. लोकअदालतीत हप्ते ठरवून घेता येतात, पण तिथला निवाडा अंतिम असतो, अपील नाही. म्हणून तिथंही पडक्या महिन्याचाच आकडा सांगा.

शेवटचा हप्ता भरल्यावर

पतसंस्थेकडून बेबाकी दाखला, बँकेकडून 'येणे नाही' पत्र, जामीनदारासाठी त्याची एक प्रत. कोरे चेक मोजून परत घ्या, ऑटो डेबिट रद्द झाल्याची खात्री बँकेतच करा. घराची मूळ कागदपत्रं बँकेनं ३० दिवसांत द्यायची असतात, उशीर तिच्यामुळं झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. सातबाऱ्यावर किंवा प्रॉपर्टी कार्डावर बोजा चढवला असेल तर दाखला देऊन तलाठी किंवा सिटी सर्व्हे ऑफिसात तो कमी करून घ्या आणि नवा उतारा काढून इतर हक्काच्या रकान्यात संस्थेचं नाव राहिलं नाही ना ते स्वतः वाचा. दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट पुन्हा काढा. खातं अजून चालू दिसत असेल तर दाखला जोडून तक्रार टाका, ३० दिवसांत दुरुस्ती व्हायला हवी.